जुन्या स्नोमोबिलचे झिजलेले बुश: शिम कुठे घालायची, किती, आणि कुठे मुळीच नाही

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा ओंटारिओत एक-दोन हिवाळे काढले की स्नोमोबिल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा पट्टा (ट्रॅक) असलेली बर्फावरची गाडी, घ्यावीशी वाटते. नव्या गाडीची किंमत कळली की नजर नव्वदीच्या दशकातल्या जुन्या गाडीवर जाते. अशा गाडीचं इंजिन बहुधा ठणठणीत असतं, दोरी ओढली की सुरू होतं. पण ट्रेलवर नेली की हँडल थरथरतं, स्की दुसऱ्यांनी पाडलेल्या खाचांमागे पळतात, मागून खडखड येते. यात सस्पेन्शनच्या झिजलेल्या बुशांचा वाटा मोठा असतो.

बुश म्हणजे फिरणारा आर्म आणि स्थिर शाफ्ट यांच्या मधली नळी. दोघांना एकमेकांवर घासू द्यायचं नाही आणि झिजायचं ते आपण झिजायचं, हे तिचं काम. शिम म्हणजे ठरावीक जाडीची पातळ चकती किंवा पत्रा. ती योग्य जागी बसली तर दोन-चार डॉलरांत गाडी घट्ट होते. चुकीच्या जागी बसली तर आर्म आवळला जातो, बोल्ट झिजतो, आणि बुशापाठोपाठ आर्मही जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चकतीच्या आकाराची शिम फक्त आडवा प्ले (ढिलाई) काढते, म्हणजे आर्मचं शाफ्टवर डावीकडे-उजवीकडे सरकणं. बुशचं भोकच मोठं झालं असेल, म्हणजे आर्म शाफ्टवर वर-खाली डुगडुगत असेल, तर कितीही शिमा घाला, तो प्ले तसाच राहील. तिथे नवा बुशच लागतो. बैलगाडीचं चाक आसावर सैल झालं की आतला बुश बदलतात, कडेला चकत्या घालून भागत नाही. इथेही तसंच आहे.

हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढा. खंडेनवमीला घरातल्या यंत्रांची पूजा करता ना, त्याच आठवड्यात गाडी स्टँडवर घ्या. जुन्या गाडीचे सुटे भाग यायला वेळ लागतो, आणि पहिला बर्फ पडला की दुकानांतही रांग लागते.

१. बुश कुठे असतात ते आधी ओळखा

पुढे: पोलारिसच्या इंडी मालिकेत आणि त्या काळातल्या इतरही बऱ्याच गाड्यांत ट्रेलिंग आर्म असतो. हा लांब आर्म मागच्या टोकाला चासीला जोडलेला असतो आणि पुढच्या टोकाच्या उभ्या नळीत स्पिंडल, म्हणजे स्कीला धरणारा उभा दांडा, फिरतो. आर्मच्या मागच्या सांध्यात एक बुश आणि स्पिंडलच्या नळीत वर-खाली एकेक, अशी रचना. त्याशिवाय आडवे रेडियस रॉड असतात, त्यांच्या टोकांना गोळ्याचे सांधे. आर्क्टिक कॅटच्या नव्वदीतल्या अनेक मॉडेलांत ए-आर्म, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराचे आर्म, आहेत. तिथे प्रत्येक आर्मच्या चासीकडच्या सांध्यांत बुश आणि त्याच्या आत स्टीलची स्लीव्ह असते. याहून जुन्या गाडीत स्की थेट पाटा स्प्रिंगवर असेल तर पुढे मुख्य बुश स्पिंडलचेच.

मागे: ट्रॅकच्या पोटात जी चौकट असते तिला इथले लोक स्किड म्हणतात. दोन रेल, आणि त्यांना बोगद्याला, म्हणजे सीटखालच्या पत्र्याच्या कमानीला, जोडणारे पुढचा आणि मागचा असे दोन आर्म. प्रत्येक आर्मच्या वर एक आणि खाली एक आडवा शाफ्ट. त्यावर प्लास्टिकचे किंवा तेल मुरवलेल्या ब्राँझचे बुश. शॉक अॅब्सॉर्बरच्या दोन्ही टोकांच्या कड्यांतही छोटे बुश असतात.

२. साहित्य

- व्हर्निअर कॅलिपर, ०.०२ मिमीपर्यंत वाचणारा. डिजिटल असेल तर इंच आणि मिमी दोन्ही दाखवणारा.
- फीलर गेजचा संच, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या.
- स्टीलच्या शिम चकत्या. डीआयएन ९८८ या जर्मन मापाच्या चकत्या ०.१, ०.२, ०.३, ०.५ आणि १ मिमी जाडीत मिळतात. १६×२२, २०×२८, २५×३५ हे आतले-बाहेरचे व्यास नेहमी लागतात. इंचातल्या शाफ्टसाठी हार्डवेअरच्या दुकानात ‘मशिनरी बुशिंग’ मागा. बुश म्हणतात तरी ते जाड चकत्यांसारखे असतात: १८ गेज म्हणजे ०.०४८ इंच, १४ गेज म्हणजे ०.०७५ इंच, १० गेज म्हणजे ०.१३४ इंच.
- शिमचा पत्रा, स्टेनलेस किंवा पितळी, २ ते १० थाउ जाडीचा. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना थाउ सवयीचा आहे. इतरांसाठी: १ थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. १० थाउ म्हणजे साधारण पाव मिलिमीटर.
- थंडीत न गोठणारं सिंथेटिक ग्रीस आणि ग्रीस गन.
- निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव), नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), ब्रेक क्लीनर, तारेचा ब्रश, ४०० नंबरचा पॉलिश पेपर.
- बुश ओढून बसवण्यासाठी अर्धा इंची आटे पाडलेला रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि जुने सॉकेट.
- मागून उचलायचा स्टँड, दोन जॅक स्टँड, रॅचेटचा पट्टा, डोळ्यांवर चष्मा.
- तुमच्या मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल. टॉर्कचे, म्हणजे कुठला बोल्ट किती जोरानं आवळायचा त्याचे, आकडे त्यातूनच घ्या. इथल्या आकड्यांत आणि मॅन्युअलमध्ये फरक दिसला तर मॅन्युअलचं ऐका.

यामाहा आणि स्की-डू मेट्रिक आहेत. जुन्या पोलारिस आणि आर्क्टिक कॅटमध्ये इंच आणि मिमी यांची सरमिसळ असते, एकाच सांध्याला दोन्ही सापडतात. १३ मिमीचा आणि अर्ध्या इंचाचा पाना एकमेकांच्या जागी ‘जवळजवळ’ बसतो आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करतो. पान्यांचे दोन्ही संच जवळ ठेवा.

३. प्ले नेमका कुठे आहे ते शोधा

इथे घाई करू नका. या कामातला अर्धा वेळ याच पायरीवर गेला तरी चालेल. प्ले बाहेर जिथे दिसतो तिथे तो क्वचितच असतो. समजा स्टीअरिंग आर्म, म्हणजे स्पिंडलच्या वर बसलेला आणि त्याला फिरवणारा छोटा आर्म, १०० मिमी लांब आहे आणि स्कीचं टोक स्पिंडलपासून ६०० मिमी पुढे आहे. त्याला ओढणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे टाय रॉडच्या, सांध्यात १ मिमी ढिलाई असेल तर स्कीचं टोक ६ मिमी हलेल. बघणारा म्हणेल बुश गेले, आणि बुशांचा काहीच दोष नसेल.

पुढचा भाग उचलून दोन्ही स्की जमिनीपासून सुटतील असं करा. एकानं स्कीचं टोक धरून आत-बाहेर, मग वर-खाली हलवायचं. दुसऱ्यानं एकेका सांध्यावर बोट असं ठेवायचं की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. ढिलाई डोळ्यांआधी बोटाला कळते. क्रम ठेवा:

- स्कीचा बोल्ट, स्की आणि स्पिंडल यांच्यामधला
- स्पिंडल आर्मच्या नळीत: खालचा बुश, मग वरचा
- टाय रॉडची दोन्ही टोकं
- रेडियस रॉडची टोकं
- ट्रेलिंग आर्मचा किंवा ए-आर्मचा चासीकडचा सांधा
- शेवटी हँडलचा उभा दांडा आणि त्याचे आधार

प्रत्येक सांध्यापुढे कागदावर लिहा: ‘आडवा’, ‘वर-खाली’ की ‘ठीक’. टाय रॉड किंवा रेडियस रॉडचा गोळ्याचा सांधा ढिला असेल तर तो बदलायचा. तिथे शिम, पत्रा, जाड ग्रीस, काही घालायचं नाही. तो सांधा चालत्या गाडीत सुटला तर स्की तुमच्या हातात राहत नाही.

मागच्या बाजूला गाडी एवढी उचला की ट्रॅक जमिनीला जेमतेम टेकेल. आर्म आणि रेल यांच्यामध्ये छोटी पहार घालून हलकेच डावीकडे-उजवीकडे ढकला आणि बुशच्या कॉलरशेजारची (कॉलर म्हणजे बुशच्या टोकाची रुंद कड) फट उघडते का बघा. फट उघडली तर तिथेच फीलर गेज घालून आकडा लिहून ठेवा. मग पहार खालून लावून आर्म वर उचला. शाफ्ट जागेवर आणि आर्म वर सरकतोय असं दिसलं तर भोक मोठं झालंय.

आणखी एक: स्की खाचांमागे पळतात याचं कारण प्रत्येक वेळी बुश नसतं. स्कीखालची कार्बाइडची पट्टी एका बाजूला झिजली असेल किंवा दोन स्की समांतर नसतील तरीही तसंच होतं. बुश नीट करूनही हे राहिलं तर पट्ट्या बघा.

४. सोडवणं

पेट्रोलचा कॉक बंद करा. गाडी कुशीवर पाडायची असेल तर टाकी रिकामी आणि बॅटरी बाहेर. कॉक उघडा राहिला तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं, आणि नंतर दोरी ओढताना इंजिन अडकतं.

स्किड काढण्याआधी मागच्या टॉर्शन स्प्रिंगचा ताण सोडा. स्प्रिंगच्या लांब पायावर लोखंडी पाइप सरकवून तो वर उचलायचा आणि तो टेकतो त्या ठोकळ्यावरून बाजूला आणून सावकाश सैल सोडायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि पाइपच्या वाटेत तोंड किंवा हात नको. हा पाय निसटला तर बोट मोडू शकतं.

मग ट्रॅकचा ताण देणारे स्क्रू ढिले करा आणि बोगद्याच्या बाहेरून स्किडचे चारही बोल्ट काढा. इथे बहुतेक नवखे अडकतात. शाफ्ट आरपार असतो आणि दोन्ही टोकांना बोल्ट. एका बाजूचा बोल्ट पूर्ण काढला की दुसऱ्या बाजूचा फिरवताना अख्खा शाफ्टच गरगरतो. म्हणून कुठलाही बोल्ट पूर्ण काढण्याआधी चारही बोल्ट पाव-पाव फेरा मोकळे करून घ्या. अडकलाच असाल तर काढलेला बोल्ट थ्रेडलॉकर लावून परत घट्ट बसवा, एक रात्र जाऊ द्या आणि आता दुसऱ्या बाजूनं सुरू करा. गॅस टॉर्चची ज्योत लावू नका, आत प्लास्टिकचा बुश आहे.

बोल्ट हातानं सहज निघत नसेल तर गाडीचा भार त्यावर आहे. उंची थोडी वर-खाली करून बघा, एका ठिकाणी तो लोण्यातून निघाल्यासारखा निघेल. सोडवताना प्रत्येक सांध्याचे फोटो काढा, आणि प्रत्येक सांध्याचे वॉशर वेगळ्या पिशवीत, डावं-उजवं लिहून. पूर्वीच्या कुणीतरी आधीच शिमा घातलेल्या असू शकतात. त्या कुठल्या बाजूला आणि किती होत्या हे कळलं पाहिजे.

५. धुणं आणि मोजणं

मापं घेण्याआधी सगळं स्वच्छ हवं. वाळलेल्या ग्रीसचा थर सहज पाव मिलिमीटर असतो आणि झिजलेला बुश चांगला भासवतो. तेल मुरवलेला ब्राँझचा बुश मात्र सॉल्व्हंटमध्ये बुडवू नका. त्याच्या छिद्रांतलं तेल निघून जातं आणि तो कोरडा चालायला लागतो. कापडानं पुसा. चुकून धुतला गेलाच तर कोमट इंजिन ऑइलमध्ये काही तास ठेवा.

शाफ्ट तीन ठिकाणी मोजा: जिथे बुश कधीच पोचत नाही अशी कोरी जागा, डावीकडची बुशची जागा, उजवीकडची. शेवटच्या दोन ठिकाणी दोन-दोन मापं, एक उभं आणि एक आडवं, कारण शाफ्ट भार येतो त्याच बाजूनं झिजतो. कोऱ्या जागेपेक्षा फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर पॉलिश पेपर मारून वापरा. बोटाच्या नखाला पायरी लागत असेल तर शाफ्ट बदला. खाच पडलेल्या शाफ्टवर नवा बुश घातला तर तो एका हंगामात जातो.

बुशचं आतलं माप घ्या, ते वजा शाफ्टचं माप. ०.१ ते ०.२५ मिमी फरक म्हणजे बुश चांगला. अर्धा मिलिमीटर झाला असेल तर बदला. यामधल्या फरकाला, गाडी वर्षाला दोन-तीनशे मैलच चालणार असेल तर, एक हिवाळा मिळतो.

६. शिम नेमकी कुठे बसते

बहुतेक सांध्यांची रचना एकसारखी असते. मधोमध स्टीलची स्लीव्ह किंवा शाफ्ट. त्यावर बुश, बुशभोवती आर्म. दोन्ही बाजूंना चासीचे किंवा रेलचे दोन गाल. बोल्ट आवळला की गाल स्लीव्हला चिमटीत पकडतात, स्लीव्ह जागेवर स्थिर होते आणि आर्म तिच्यावर मोकळा फिरतो. हे जमायचं तर स्लीव्ह बुशपेक्षा थोडी लांब असावीच लागते. ही ‘थोडी’ म्हणजेच आडवा प्ले. चांगल्या अवस्थेत तो ०.१ ते ०.३ मिमी असतो. बुशच्या कॉलरी गालांवर घासून झिजल्या की तो १-२ मिमी होतो आणि खडखड सुरू होते.

हिशोब असा. स्लीव्हची लांबी ६२.० मिमी. दोन्ही बुश आर्ममध्ये बसवून कॉलरीच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ६०.६ मिमी. प्ले १.४ मिमी. त्यातला ०.२ ठेवायचा. उरले १.२, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.६ मिमीची शिम: ०.५ ची एक आणि ०.१ ची एक.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. शिमचं भोक स्लीव्हवर सरकेल एवढं मोठं हवं, बोल्टच्या मापाचं नको. बोल्ट १० मिमीचा आणि स्लीव्ह बाहेरून १६ मिमीची असेल तर १६ मिमी भोकाची चकती लागते. ती स्लीव्हवर चढते आणि बुशची कॉलर व गाल यांच्यामध्ये बसते. १० मिमी भोकाची चकती स्लीव्हच्या टोकावर बसते, म्हणजे स्लीव्हच तेवढी लांब होते, आणि प्ले कमी होण्याऐवजी वाढतो. मग माणूस आणखी चकत्या घालतो, गाल फाकतात, आणि बोल्ट आवळताना ब्रॅकेटला चीर जाते.

दुसरी चूक, बरोबर उलटी. शिमा प्लेपेक्षा जास्त झाल्या की स्लीव्हची टोकं गालांना टेकतच नाहीत. सगळा दाब बुशवर येतो, आर्म जाम होतो, स्लीव्ह मात्र आत मोकळी राहते. आता आर्म हलला की तिच्यासकट बोल्टच गालाच्या भोकात फिरतो आणि काही दिवसांत भोक अंडाकृती करतो. रेल अॅल्युमिनियमची असल्यानं हे फार लवकर होतं.

त्यामुळे प्रत्येक सांध्याला ही चाचणी करा: शॉक आणि स्प्रिंग सुट्या ठेवून बोल्ट पूर्ण टॉर्कनं आवळा आणि आर्म हातानं वर धरून सोडून द्या. तो स्वतःच्या वजनानं खाली आला पाहिजे. अधांतरी राहिला तर ०.१ मिमीची एक शिम काढा आणि पुन्हा बघा.

शिमा दोन्ही बाजूंना सारख्या वाटा. सगळ्या एकाच बाजूला घातल्या तर आर्म मधून सरकतो, स्किड वाकडी बसते आणि ट्रॅक एका रेलला चाटतो. एका बाजूला तीनपेक्षा जास्त चकत्या रचू नका. पातळ चकती जाड चकत्यांच्या मध्ये ठेवा, ती बाहेर राहिली तर दुमडते.

साधे वॉशर वापरायचा मोह होईल. ते पंचनं कापलेले असतात, एका कडेला धार असते आणि जाडीही सगळीकडे सारखी नसते. ती धार प्लास्टिकच्या कॉलरला रंध्यासारखी तासत जाते. वापरायचेच असतील तर ऑइलस्टोनवर दोन्ही बाजू घासून सपाट करा, चार ठिकाणी जाडी मोजा, आणि धारेची बाजू गालाकडे ठेवा.

७. बुश आर्ममध्येच ढिला असेल तर

कधी बुश शाफ्टवर नीट असतो, पण आर्मच्या नळीत, म्हणजे त्याच्या घरात, फिरायला लागतो. पत्र्याची शिम उपयोगी पडते ती इथे.

घराचं माप आधी उभं आणि मग आडवं घ्या. दोन्हींत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर घर अंडाकृती झालंय. तिथे पत्रा टिकत नाही. आर्म बदला किंवा लेथवर बोअर करून स्टीलची नळी बसवून घ्या. घर गोल असेल तर: घर २८.६० मिमी, बुश बाहेरून २८.४०. फरक ०.२०. पत्रा दोन्ही बाजूंना येणार, म्हणून तो नुसता भरायला ०.१० जाडी पुरते. पण बुश घट्ट बसायचा तर ०.०५ मिमी दाब हवा. ५ थाउचा पत्रा ०.१२७ मिमी असतो, दोन बाजूंचे ०.२५४. म्हणजे दाब बरोबर ०.०५ च्या आसपास.

पत्रा बुशभोवती एकच वेढा बसेल एवढा कापा. टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, मध्ये १ मिमी फट ठेवा. ही फट भार नसलेल्या बाजूला यावी: आर्मवर भार वर-खाली येतो, म्हणून फट पुढे किंवा मागे. कातरीनं कापलेली कड सपाट करून घ्या, नाहीतर बुश बसवताना पत्रा गोळा होऊन बाहेर येतो.

बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, आर्म हीट गननं हाताला चटका बसेल इतपत तापवा, आणि आट्याच्या रॉडनं सरळ ओढून बसवा. हातोडीनं ठोकू नका, थंड प्लास्टिकच्या कॉलरचा टवका उडतो. बसवल्यावर आतलं माप पुन्हा घ्या. पातळ बुशमध्ये बाहेरचा दाब जवळजवळ तेवढाच आत उतरतो, म्हणून आधी मोकळा फिरणारा शाफ्ट आता अडू शकतो. अडला तर दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून आतून सारखं घासा. ब्राँझच्या बुशला मात्र पेपर लावू नका: छिद्रं बुजतात आणि घासणीचे कण आत रुततात. त्याला धारदार रीमर.

कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो आणि लोक तो सर्रास वापरतात. ट्रेलवरून घरी यायला ठीक. अॅल्युमिनियम मऊ आहे, आणि स्टीलच्या घरात मिठाचं पाणी लागलं की गंजून भुकटी होतो. ट्रेलवर मीठ नसतं, पण उघड्या ट्रेलरवर गाडी नेताना हायवेचं सगळं मीठ तिच्या पोटावर उडतं.

८. स्पिंडल आणि स्कीचा सांधा

स्पिंडल नळीत वर-खाली आपटत असेल तर स्टीअरिंग आर्म काढून त्याच्या आणि नळीच्या वरच्या बुशच्या मध्ये शिम घाला. ०.२ ते ०.३ मिमी प्ले ठेवा. स्टीअरिंग आर्म काढण्याआधी त्यावर आणि स्पिंडलवर सेंटर पंचनं खुणा करा. दात असलेला सांधा एक दात जरी चुकला तरी स्की वाकडी दिसते.

स्पिंडल पुढे-मागे किंवा बाजूला डुलत असेल तर दोन्ही बुश बदलायचे, खालचा आणि वरचा एकदमच. एकच बदलला तर जुन्याकडे स्पिंडल झुकतो आणि नवा एका कडेनं झिजतो.

स्कीच्या बोल्टपाशी बाजूचा प्ले असेल तर सहाव्या पायरीचाच नियम, स्लीव्हवर चढणारी शिम, दोन्ही बाजूंना सारखी. आतला रबरी ठोकळा चिरलेला असेल तर तोही बदला.

९. थंडीचा हिशोब

गॅरेजमध्ये २० अंशांवर घेतलेली मापं उणे २५ अंशांवर राहत नाहीत. अॅसिटल प्लास्टिक दर अंशाला स्टीलपेक्षा साधारण आठ पट आकसतं. २५ मिमीच्या बुशमध्ये ४५ अंशांच्या फरकानं सुमारे ०.१ मिमी आकुंचन येतं, स्टीलच्या शाफ्टमध्ये जेमतेम ०.०१. बुशचा बाहेरचा व्यास कमी होतो आणि आतलाही. परिणामी तो घरात सैल होतो आणि शाफ्टला आवळतो, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. शाफ्टवर ०.१ मिमीपेक्षा कमी मोकळीक ठेवली तर थंडीत शाफ्ट बुशला धरून घरात फिरवतो आणि आर्मचं घर खातो. म्हणून बुश ‘अगदी फिट’ करून घेऊ नका.

बुश लेथवर करून घेणार असाल तर नायलॉनऐवजी अॅसिटलचा रॉड घ्या. नायलॉन पाणी शोषून फुगतं. कोरडं असताना बरोबर असलेलं माप ओल्या बर्फात राहत नाही.

१०. जोडणी

शाफ्टला, बुशच्या आत आणि शिमांच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लावा. ग्रीस निपल असेल तर शाफ्ट बसवण्याआधी गन मारून बघा, भोकातून ग्रीस खरंच येतंय ना. जुनं ग्रीस वाळून वाट बुजलेली असते, गनचा दांडा अडतो आणि ‘भरलं’ असं वाटतं. बुजलं असेल तर निपल काढून तारेनं मोकळं करा.

शिमा ग्रीसनं कॉलरला चिकटवून ठेवल्या की आर्म गालांमध्ये सरकवताना पडत नाहीत. स्किड बोगद्यात बसवताना रॅचेटच्या पट्ट्यानं दाबून घ्या, भोकं समोरासमोर येतात. चारही बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे लावून मगच आवळा. एकच आवळून बाकीचे ओढून आणले तर आटे कापतात. निळं थ्रेडलॉकर, नवे नट, मॅन्युअलचा टॉर्क.

मग तीन तपासण्या. ट्रॅकचा ताण आणि तो मधोमध चालतो का, कारण ताणाचे स्क्रू तुम्ही हलवलेत. हँडल सरळ ठेवून ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावून दोन्ही स्कींचं पुढचं आणि मागचं अंतर. बहुतेक जुन्या गाड्यांत पुढची टोकं ३ ते ६ मिमी बाहेर झुकलेली लागतात. आणि स्टँडवरच हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठे अडतं का.

पहिल्या वीस-तीस मैलांनंतर सगळ्या सांध्यांचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं बघा, नव्या शिमा बसल्या की थोडी ढिलाई येते. त्यानंतर गाडी प्रेशर वॉशरनं धुतली की प्रत्येक वेळी निपलमधून इतकं ग्रीस भरा की कॉलरीच्या कडेनं जुनं, काळं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येऊन त्यामागून स्वच्छ ग्रीस दिसेल. मार्च-एप्रिलमध्ये गाडी उन्हाळ्यासाठी ठेवतानाही हेच करा, आणि कुठल्या सांध्यात कुठल्या बाजूला किती मिमीच्या शिमा आहेत तो कागद सीटखाली ठेवून द्या.